घरातलं कपाट ट्रेलरमध्ये नेऊ नका

प्रश्न : आम्ही दोघांनी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आहे. आतली कपाटं पार्टिकल बोर्डाची होती. सिंकखालचा तळ आणि खिडकीखालचा कोपरा फुगून अक्षरशः भुगा झाला होता, म्हणून सगळीच काढून टाकली. आता आत नुसता रिकामा डबा आहे. सुतार म्हणतो, सगळीकडे १८ मिमी मरीन प्लाय लावू, वर दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, पुन्हा बघायला नको. भाऊ म्हणतो, एमडीएफ घे, रंग सुरेख बसतो. मला स्वतःला मनातून सागवान हवं आहे. स्वयंपाकघर ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : भावाचं अजिबात नाही, सुताराचं निम्मं, आणि तुमच्या मनाचं थोडंसं.

तुमचा सुतार चुकीचं काही सांगत नाही. घरातलं स्वयंपाकघर असतं तर मीही त्याच्या बाजूने उभं राहून मान डोलावली असती. पण तो घरांची कपाटं करणारा माणूस आहे, आणि घरात कपाटाचं वजन कोणी विचारत नाही. ते भिंतीला एकदा लागलं की जागचं हलत नाही. ट्रेलरमधलं कपाट रोज प्रवास करणार, खड्ड्यांत आदळणार, उन्हात तापणार, रात्री गारठणार आणि त्याचा प्रत्येक किलो तुमची गाडी ओढणार. त्यामुळे ‘लाकूड कोणतं’ हा प्रश्न नंतरचा. त्याआधी जाडी किती आणि कपाटाचा सांगाडा कसा, हे ठरवायला हवं.

जरा हिशोब करू. आठ बाय चार फुटांचा १८ मिमी जाडीचा शीट घेतला, तर कठीण लाकडाच्या प्लायमध्ये त्याचं वजन ३५ ते ४० किलो भरतं. त्यावर दोन्ही बाजूंनी १ मिमीचं लॅमिनेट चढवलं की आणखी आठेक किलो. मध्यम आकाराच्या ट्रेलरला खालची कपाटं, वरची कपाटं, कपड्यांचं कपाट आणि बाकड्यांची खोकी मिळून असे दहा शीट सहज लागतील. म्हणजे साडेचारशे किलोंच्या आसपास नुसतं फर्निचर. त्यात अजून एक भांडंसुद्धा ठेवलेलं नाही. आता ट्रेलरच्या पाटीवर जास्तीत जास्त एकूण वजन किती लिहिलंय ते बघा, त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करा. उरतं ते तुमचं सामान, पाणी, गॅस, कपडे या सगळ्यांसाठी. कित्येक ट्रेलरांत हा आकडा काही शे किलोंचाच असतो. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की त्यातले शंभर किलो तिथेच गेले.

त्यातून तुमचं स्वयंपाकघर मागच्या टोकाला. हे पत्रात लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण माझं उत्तर त्यानेच ठरलं. ट्रेलरचं वजन चाकांच्या मागे जास्त झालं की गाडीला जोडणारी पुढची दांडी हलकी पडते आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरांमध्ये भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा असं मानतात. युरोपी कॅरव्हॅनमध्ये ५ ते ७ टक्के. तुम्ही मागच्या भिंतीवर दीडशे किलोंची कपाटं लटकवलीत आणि त्यात भांडी भरलीत, तर हे गणित बिघडायला फार काही लागत नाही. तेव्हा मागच्या बाजूला सगळ्यात हलकं काम, आणि जड वस्तूंची कपाटं चाकांच्या आसाजवळ, खाली. हा नियम लाकडाच्या जातीपेक्षा मोठा आहे.

मग हलकं कसं करायचं? कारखान्यातून येणाऱ्या ट्रेलरांमध्ये बऱ्याचदा बारीक पट्ट्यांची चौकट असते आणि तिला पातळ प्लायची कातडी चिकटवलेली असते. लोक त्या कामाला नावं ठेवतात, आणि ते स्टेपलवर भागवलेलं असतं तिथे ठेवावीतच. पण मूळ कल्पना उत्तम आहे. तुम्ही तीच घ्या आणि नीट करा. साधारण २० बाय ४० मिमीच्या, गाठी नसलेल्या, वाळलेल्या पाइन किंवा स्प्रूसच्या पट्ट्यांची चौकट. तिला खाच पाडून, डिंक लावून, स्क्रू मारून सांधे. आणि बाजूंना ५-६ मिमीचा प्लाय चिकटवलेला. अशी पट्टी मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. पॉप्लरच्या ६ मिमी प्लायचा अख्खा शीट आठ किलोंचा. दहा शीट आणि शंभर मीटर पट्टी धरली तरी सगळं मिळून सव्वाशे किलोंच्या आत. सुताराच्या साडेचारशेशी ताडून बघा.

‘पातळ फळी वाकेल ना?’ असं सुतार म्हणणारच. त्याला हे सांगा. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्सा उरतो. नुसती ९ मिमीची फळी म्हणूनच झोका खाते. पण त्याच फळीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला २० बाय ४०ची पट्टी उभी करून डिंकाने चिकटवलीत, तर ३० सेंमी खोल कप्प्यासाठी ती १८ मिमीच्या सपाट फळीपेक्षा ताठ होते, आणि हलका प्लाय घेतला तर वजन जेमतेम निम्मं. वर पुढची पट्टी कप्प्याच्या थोडी वर ठेवली की तिचा काठही होतो, वळणावर डबे घसरून दारावर आपटत नाहीत. एका पट्टीत दोन कामं.

आता सामानाकडे वळू. भावाच्या एमडीएफचं आधी आटपतो. त्याचं वजन घनमीटरला साडेसातशे किलोंच्या घरात, म्हणजे तुमच्यासमोरच्या पर्यायांत तोच सगळ्यात जड. पाणी लागलं की कडेपासून फुगतो आणि वाळला तरी पूर्वीच्या जाडीवर येत नाही, कारण दाबून बसवलेले तंतू एकदा सुटले की सुटले. तुमच्या पार्टिकल बोर्डाचं जे झालं तेच, फक्त थोडं उशिरा. आणि कडेत स्क्रू मारला की चिरतो. रंग सुरेख बसतो हे खरं आहे. पॉप्लर प्लायवर घासकाम करून दोन हात प्रायमर मारलात तर तिथेही बसतो.

प्लायमध्ये हलक्यांची निवड मोठी नाही. ओकूमे हे मध्य आफ्रिकेतलं लाकूड, बरंचसं गॅबॉनमधून येतं. त्याचा प्लाय घनमीटरला साडेचारशे किलोंच्या आगेमागे असतो. पॉप्लरचाही जवळपास तितकाच. मेरांटी किंवा लाउआन म्हणून जो पातळ प्लाय मिळतो तो पाचशे-सहाशेच्या दरम्यान. बर्च प्लाय देखणा, घट्ट, आतून भरीव. त्याच्या १२ मिमी जाडीत नऊ थर आणि १८ मिमीत तेरा थर असतात, कड उघडी ठेवली तरी सुंदर दिसते. पण वजन सातशेच्या जवळ. म्हणून बर्च जपून वापरा : ड्रॉवरच्या बाजू, टेबलाचा पाय जिथे अडकतो ती फळी, बिजागरीमागचा तुकडा. जिथे स्क्रूला घट्ट पकड हवी तिथेच.

दुकानदार ‘हलका आहे’ म्हणाला म्हणून मान डोलावू नका. १२ मिमीचा एक फूटभर, म्हणजे ३० बाय ३० सेंमीचा तुकडा मागा आणि घरच्या छोट्या वजनकाट्यावर ठेवा. पाचशे ग्रॅमच्या आत भरला तर तो खरंच हलका प्लाय. साडेसातशेच्या आसपास गेला तर कठीण लाकडाचा. आठशे म्हणजे एमडीएफच्या पंगतीत. त्याच तुकड्याची कड उजेडात धरून बघा : मधल्या थरांत पोकळ्या दिसतात का, दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्यात का, कुठे काळपट लांबी (पुट्टी) भरली आहे का. मग तुकडा तासभर उकळा, गार होऊ द्या, कडेच्या थरांत सुरीचं टोक घालून उचकटून बघा. थर सुटायला लागले तर तो शीट तुमच्या कामाचा नाही. एवढं केलंत की शिक्का कोणाचाही असो, तुम्हाला फसवणं कठीण.

शिक्क्यावरून आठवलं. ‘मरीन’ या नावाभोवती लोकांच्या मनात एक वलय आहे. मरीन प्लाय म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवलेला आणि आतून पोकळ्या नसलेला प्लाय. भारतीय मानक ७१० प्रमाणे तो बहात्तर तास उकळून तपासतात. ब्रिटिश मानक १०८८ त्याच वर्गातलं. ही खात्री मोलाची आहे, पण ती मुख्यतः डिंकाची आणि बांधणीची. वजनाबद्दल तो शिक्का काहीच बोलत नाही : गर्जन नावाच्या लाकडाचा मरीन प्लाय जड, ओकूमेचा मरीन प्लाय हलका, दोन्हींवर शब्द तोच. आणि ओलं राहिलं तर ते लाकूड कुजणार नाही, असंही त्यातून आपोआप ठरत नाही. ओकूमे आणि बर्च दोन्ही जाती कुजण्याच्या बाबतीत नाजूकच आहेत. डिंक टिकेल आणि थर कुजतील, असं होऊ शकतं. म्हणून सुताराचं निम्मं ऐका असं म्हटलं. सिंकखालचा तळ, पाण्याच्या पंपाचा कप्पा, दाराजवळची खालची पट्टी, ओल्या वस्तू ठेवायची जागा इथे मरीन घ्या, तोही हलक्या जातीचा. छताजवळच्या कपाटाच्या दाराला मरीन लावून काहीच मिळत नाही.

मरीनची एक बाजू मात्र कोणी फारशी सांगत नाही, आणि ट्रेलरच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे. त्याचा फिनॉल डिंक फॉर्मल्डिहाइड फारच कमी सोडतो. स्वस्त पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि साध्या प्लायमध्ये युरियाचा डिंक असतो. तो वर्षानुवर्षं हा वायू सोडत राहतो, आणि उष्णता व दमटपणा वाढला की जास्त सोडतो. घरात खोल्या मोठ्या, खिडक्या उघड्या. ट्रेलर म्हणजे मूठभर हवा, चारही बाजूंनी बोर्ड आणि उन्हात बंद करून ठेवलेला. डोळे चुरचुरणं, घसा धरणं, डोकं दुखणं यांची सुरुवात अशा ठिकाणी लवकर होते. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेत बेघर झालेल्या कुटुंबांना सरकारने ट्रेलर दिले होते. तिथल्या लोकांच्या तक्रारी वाढल्यावर सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेने डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये ५१९ ट्रेलर आणि फिरती घरं तपासली. फॉर्मल्डिहाइडची सरासरी पातळी एक अब्ज भागांमागे ७७ भाग निघाली, काही ठिकाणी ५९० पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची अर्ध्या तासासाठीची मर्यादा साधारण ८० च्या घरात येते. म्हणजे ही माणसं त्या काठावर दिवसरात्र राहत होती. आणि ही मोजणी हिवाळ्यातली. पुढे २०१० मध्ये तिथे बोर्डांसाठी कायदाच झाला. त्याआधी २००४ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हा वायू माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातला होता.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण शीट घेताना त्यावर ई-१ किंवा त्याहून कडक वर्ग, नाहीतर ‘कार्ब फेज २’ किंवा ‘टीएससीए टायटल ६’ असं काही (हे सगळे हा वायू कमी सुटण्याचे दर्जे आहेत) छापलं आहे का, हे जरूर बघा. काहीच छापलेलं नसेल आणि कापताना नाकाला झोंबत असेल, तर तो शीट ट्रेलरमध्ये नेऊ नका. अंगणातल्या खोक्याला वापरा. कापलेल्या सगळ्या कडा बंद करा, कारण वायू तिथूनच जास्त निघतो. आणि काम झाल्यावर ट्रेलर काही दिवस खिडक्या, छतावरचा झरोका उघडून उन्हात उभा करा.

आता तुमचं सागवान. हा मोह मला समजतो, आणि तो पूर्ण मोडायची गरज नाही. सागाचं वजन घनमीटरला साडेसहाशे किलोंच्या आसपास, म्हणजे सगळी कपाटं त्याची केलीत तर सुताराचंच गणित पुन्हा. दुसरं म्हणजे भरीव लाकडाची रुंद फळी दमटपणाबरोबर फुगते-आकसते. साग या बाबतीत शांत लाकूड आहे, तरीही ४० सेंमी रुंदीची सपाट चिरलेली फळी ८ टक्के ओलाव्यावरून १४ टक्क्यांवर गेली की सुमारे ४ मिमी रुंद होते. ट्रेलरमध्ये हा फरक फार लवकर पडतो : रात्री दोन माणसांचा श्वास, सकाळी किटलीची वाफ, दुपारी तापलेलं छत. दार चौकटीत अडकून बसायला ४ मिमी भरपूर झाले.

म्हणून साग अरुंद पट्ट्यांत वापरा. कपाटांची दर्शनी चौकट, दारांची चौकट, टेबलाच्या प्लायची कड, हाताला लागणारा कठडा. दार असं करा : २० मिमी जाडीची सागाची चौकट, आतल्या बाजूला खाच, आणि खाचेत ४ मिमीचा प्लाय न चिकटवता सोडलेला. हे दार हलकं होतं, वाकत नाही, आणि दिसायला अस्सल सागाचं. सागात तेल असतं, त्यामुळे डिंक धरत नाही अशी तक्रार येते. चिकटवण्याच्या अगदी आधी तो भाग अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच जोडा. तासाभराने तेल पुन्हा वर येतं, मग पुसण्याला अर्थ राहत नाही.

सीडार, पाउलोनिया अशी फारच हलकी भरीव लाकडं मिळाली तर दारांच्या पॅनलला छान, पण ती नखाने दबतात आणि स्क्रू धरत नाहीत. त्यांच्यावर बिजागरी लावू नका. पीव्हीसी फोम बोर्डाबद्दल कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच : पाण्याचं भय नाही हे खरं, सिंकखालच्या तळाला मी तो चालवून घेईन. पण बंद ट्रेलर उन्हात तापला की तो नरम पडतो, कप्पा मधून झोळतो, आणि स्क्रू पुन्हा कसायला गेलं की भोक मोठं होतं.

सांध्यांवर तुम्ही पैशांपेक्षा वेळ खर्च करा. ट्रेलरमधली कपाटं बहुतेक वेळा लाकूड तुटून मोडत नाहीत, पकड सुटून मोडतात. प्रत्येक खड्ड्याला बिजागरीचा स्क्रू केसभर हलतो, भोक केसभर मोठं होतं, आणि एक दिवस दार हातात येतं. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू थरांना फाकवतो. सपाट बाजूने मारलेला नीट धरतो. म्हणून बिजागरी नेहमी भरीव पट्टीवर येईल अशी आखणी करा, आधी बारीक ड्रिलने भोक पाडा, आणि जी दारं दिवसातून वीस वेळा उघडणार तिथे पितळी चुडी (आतून आटे असलेली छोटी नळी) ठोकून तिच्यात मशीन स्क्रू वापरा. नुसत्या खिळ्यांवर किंवा स्टेपलवर काहीही सोडू नका. डिंक घेताना डब्यावर डी-३ किंवा डी-४ हा पाण्याला टिकण्याचा वर्ग लिहिलेला बघा. सिंकच्या बाजूला डी-४च. डिंक हा खरा सांधा, स्क्रू तो सुकेपर्यंत धरून ठेवतो आणि पुढे साथ देतो, असं समजून काम केलंत तर बरोबर होईल.

वरची कपाटं भिंतीला कशाने धरणार, हे लाकूड कापायच्या आधी शोधा. ट्रेलरची आतली भिंत ३-४ मिमीची असते, तिच्यात नुसता स्क्रू मारला तर तो पहिल्याच प्रवासात निघेल. मागे लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात. भिंतीवरून छोटं लोहचुंबक फिरवलंत तर त्या पट्ट्यांतले लोखंडी स्क्रू किंवा स्टेपल सापडतात आणि पट्टीची रेषा कळते. फोमच्या सँडविच भिंतीत पट्ट्याच नसतील, तर ९ मिमी प्लायची रुंद फळी भिंतीला पॉलियुरेथेन डिंकाने आधी चिकटवा आणि कपाट त्या फळीला लावा. कपाटाचा भार छताकडच्या कोपऱ्यातही वाटून द्या.

पाण्याचं अजून बोललोच नाही. तुम्ही लिहिलंय की सिंकखालचा तळ आणि खिडकीखालचा कोपरा असे दोन भाग कुजले होते. सिंकचं समजलं, नळाचा सांधा गळत असणार. खिडकीखालचा कोपरा मात्र बाहेरचं पाणी आत येतंय असं सांगतो. खिडकीची चौकट उतरवा, जुनी कडक झालेली पट्टी खरवडून काढा, नवीन ब्युटाइलची (चिकट रबरी) पट्टी लावून चौकट पुन्हा बसवा, आणि मग वरून पाइपने दहा मिनिटं पाणी मारत आतून कोणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. भिंतीच्या आत आणि जमिनीच्या प्लायमध्येही स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टोचून बघा. ते मऊपणे आत गेलं तर कपाटांचा विचार पुढच्या महिन्यावर ढकला. हे न करता कुठलंही लाकूड लावलंत तर पुन्हा मला पत्र लिहाल.

बाहेरच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटांना मागची फळी लावूच नका. थंडीत त्या भिंतीवर दव धरतं, मागे बंद फळी असली की ते आतच राहतं आणि बुरशी सुरू होते. मागची फळी वगळली की हवा खेळते आणि वजनही वाचतं. तळाशी आणि वर दोन-दोन बोटांची भोकं ठेवा. सिंकच्या कपाटाचा तळ जमिनीपासून दीड-दोन सेंमी वर उचला, त्याच्या सगळ्या कडा आणि पाइपांसाठी पाडलेली भोकं इपॉक्सीने दोनदा भिजवा. पाणी प्लायमध्ये सपाटीवरून सहसा शिरत नाही, कडेतून शिरतं.

बाकी लाकडावर वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेनचे तीन हात पुरेत. दोन्ही बाजूंना सारखे, नाहीतर पातळ फळी एका बाजूला वळते. लॅमिनेटचा हट्ट असेलच तर ते ओट्याच्या वरच्या फळीला लावा आणि खालच्या बाजूलाही पातळ बॅकिंग लॅमिनेट द्या. शेगडीभोवती किती अंतर सोडायचं हे शेगडीच्या पुस्तिकेत असतं. तेवढं सोडाच, त्यात अंदाज चालवू नका. दारांना चुंबकी कडी पुरत नाही. दाबून उघडणारी, स्वतः अडकणारी कडी घ्या, आणि ड्रॉवर बंद झाल्यावर थोडा खाली बसून अडकेल अशी खाच ठेवा.

आता सुताराकडे जाताना यादी बदलून न्या. मागच्या भिंतीची आणि सगळी वरची कपाटं : पाइनची चौकट, ६ मिमी पॉप्लर किंवा ओकूमे, दर्शनी पट्ट्या सागाच्या. खालची कपाटं : तशीच चौकट, कप्पे ९ मिमीचे, तळ १२ मिमी हलक्या मरीनचा. ड्रॉवर १२ मिमी बर्चचे. बाकड्याची बसायची फळी १२ मिमी, खाली दर ३५-४० सेंमीवर आडवी पट्टी. १८ मिमीचा एकही शीट नाही. सुतार नाक मुरडेल, तेव्हा त्याला एक कपाट दोन्ही पद्धतींनी करायला सांगू नका, वेळ जाईल. फक्त कप्प्याची ती फळी, कडेला उभ्या पट्ट्या लावलेली, त्याच्यासमोर दोन विटांवर ठेवून तिच्यावर उभे राहा.

आणि माप घेताना भिंती सरळ आहेत असं धरू नका. ट्रेलरच्या भिंती गोलाई घेतात, जमीन मध्ये थोडी खचलेली असते. पुठ्ठ्याचा साचा कापून प्रत्येक बाजू त्यावरून आखा. कपाटं बाहेर अंगणात जोडणार असाल तर त्याआधी ट्रेलरच्या दाराची रुंदी मोजा. बऱ्याच ट्रेलरांना ती साठ-पासष्ट सेंमीच असते, आणि आख्खं जोडलेलं कपड्यांचं कपाट त्यातून वळवून आत नेणं ही नसती आफत होते. मोठी कपाटं दोन भागांत करा, आत नेऊन बोल्टने जोडा. पुढे कधी दुरुस्तीला बाहेर काढायची वेळ आली तरी तीच सोय कामाला येईल.